दुसरा मॉनिटर, तिसरी केबल

आमचे हे निवृत्त झाले त्याला त्या गुरुवारी आठ महिने आणि चार दिवस झाले होते. मोजमापाची सवय ह्यांची, माझी नाही. पण नवरा चोवीस तास घरात असला की दिवस आपोआप मोजले जातात.

पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात ह्यांनी चौतीस वर्षं काढली. जमिनीखालून कोणता नळ कुठून जातो, कुठे वळतो, कुठे संपतो, ते कागदावर रेखायचं काम. निवृत्तीनंतर नळ संपले, पण हात थांबेना. पहिल्या महिन्यात ह्यांनी माझ्या स्वयंपाकघराचा नकाशा काढला आणि डब्यांना क्रमांक दिले. मी साखरेसाठी चार नंबरचा डबा उघडायची, तर आत कपडे धुण्याचा साबण. "आराखड्यात सुधारणा झाली आहे, दारामागे लावलाय बघ," असं बाहेरून उत्तर यायचं. दुसऱ्या महिन्यात कपडे वाळत घालायच्या दोरीचा नंबर लागला. मोजे एका टोकाला, चादरी दुसऱ्या. मग ह्यांची नजर माझ्या शिवणाच्या कोपऱ्याकडे वळली. मी घरी बसून कपडे शिवते, उसवते, ढगळ असतील ते बेतात आणते, घट्ट असतील ते सैल करते. पंचवीस वर्षं माझी कात्री मी म्हणेन तिथे असते. त्या कात्रीभोवती ह्यांनी पेन्सिलीने रेघ मारून शेजारी सुवाच्य अक्षरात 'कात्री' असं लिहिलं. मी ती कात्री उचलली आणि ह्यांच्याकडे नुसतं बघितलं. हे निमूटपणे चपला घालून फिरायला गेले.

पण खरं सांगते, हे सगळं मी चालवून घेतलं असतं. एका दुपारी मी खोलीत गेले, तर हे पलंगाच्या कडेला बसलेले. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, लेस नीट बांधलेल्या.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"कुठे नाही," हे म्हणाले, आणि तसेच बसून राहिले.

डब्यांना क्रमांक देणारा माणूस परवडला, पण बूट घालून कुठेच न जाणारा माणूस मला बघवेना. त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला, ह्यांना काम मिळालं पाहिजे.

काम शोधलं आमच्या सुनेने. ती एका ग्रंथालयात कॉम्प्युटर सांभाळते. तिथले तीसेक कॉम्प्युटर सगळे म्हातारे, आणि ती त्यांच्यात विंडोजऐवजी लिनक्स नावाची हलकी प्रणाली घालून त्यांना पळायला लावते. आमच्या घरचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचे. तिने त्यात लिनक्स घातलं, तेव्हापासून आधण यायच्या आत तो तयार असतो. तर तिला कळलं, की जुने हाताने काढलेले नकाशे कॉम्प्युटरवर उतरवून घेणारी एक कंपनी आहे आणि तिला घरी बसून काम करणारी अनुभवी माणसं हवी आहेत. ह्यांनी अर्ज केला. उत्तर आलं: गुरुवारी सकाळी अकरा वाजता दोन तासांची परीक्षा. एका स्क्रीनवर जुना नकाशा दिसेल, दुसऱ्या स्क्रीनवर नवा काढायचा. कॉम्प्युटरला दोन मॉनिटर जोडलेले नसतील तर परीक्षा उघडणार नाही. अकरा वाजून पाच मिनिटांनी दार बंद, आणि पुन्हा संधी नाही.

सोमवारी दुसरा मॉनिटर घरी आला. सून म्हणाली, "बाबा, संध्याकाळी मी जोडून देते, पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचं काम ह्यांच्या हाती लागलं आणि दोन दिवस चाललं. ह्यांचं म्हणणं, वायर दिसता कामा नये. नळ कसा जमिनीखाली असतो, तशी वायर पेटीत हवी. मग पातळ फळ्या आल्या, करवत आली, माझं शिवणाचं टेबल दोन दिवसांसाठी जप्त झालं. कॉम्प्युटरच्या टेबलामागे भिंतीलगत एक लांबट पेटी उभी राहिली. तिच्या डाव्या टोकाला तीन भोकं, उजव्या टोकाला तीन भोकं. डाव्या भोकांतून केबलींची टोकं कॉम्प्युटरकडे, उजव्या भोकांतून मॉनिटरांकडे. झाकणाला सोळा स्क्रू, आणि ते स्क्रू दिसू नयेत म्हणून वरून भिंतीचाच रंग.

"मॉनिटर दोन, मग भोकं तीन कशाला?" मी विचारलं.

"राखीव लाइन," हे म्हणाले. "मुख्य नळाशेजारी एक राखीव नळ टाकायचाच, असा आमच्या खात्याचा नियम. एक फुटला तर दुसरा हजर. तशी ही तिसरी केबल."

पेटीवर जोडणीचा आराखडा चिकटवला. एक नंबरची केबल पहिल्या मॉनिटरला, दोन नंबरची दुसऱ्याला. राखीव केबलीचंही एक टोक कॉम्प्युटरच्या मागच्या रिकाम्या खाचेत आणि दुसरं पहिल्या मॉनिटरच्या रिकाम्या खाचेत, कारण उघडं टोक लोंबकळत ठेवणं ह्यांना सोसवत नाही. सगळ्या टोकांना लेबलं. आराखड्याखाली तारीख, मग 'रेखाटले' म्हणून ह्यांची सही, मग 'तपासले' म्हणून पुन्हा ह्यांचीच सही.

बुधवारी संध्याकाळी हे दाढी करताना चक्क गुणगुणत होते. कॉम्प्युटर मात्र लावून बघितला नाही, कारण स्क्रूंवरचा रंग ओला होता.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता सुनेने कॉम्प्युटर सुरू केला. पहिल्या मॉनिटरवर चित्र आलं. दुसऱ्यावर एक छोटीशी चौकट आली, 'सिग्नल नाही', आणि ती चौकट काळ्या स्क्रीनवर इकडून तिकडे तरंगायला लागली.

"येईल," हे म्हणाले.

आम्ही तिघं उभ्याने त्या चौकटीकडे बघत राहिलो. ती डाव्या कोपऱ्यात गेली, वर गेली, उजवीकडे आली. सिग्नल काही आला नाही.

सुनेने सेटिंग उघडली. तिथे एकच मॉनिटर दिसत होता. मग तिने एक काळी खिडकी उघडली, तिच्यात भराभरा काहीतरी टाइप केलं आणि यादी वाचली. "पहिला मॉनिटर, जोडलेला. दुसरा मॉनिटर, जोडलेला नाही."

"म्हणजे काय, जोडलेला नाही?" हे उसळले. "मी जोडलाय!"

"बाबा, मी नाही म्हणत, हा म्हणतोय."

"हा कोण सांगणारा? समोर आराखडा आहे." ह्यांनी फूटपट्टी उचलली आणि आराखड्यावर टकटक केलं. "ही बघ दोन नंबरची लाइन. इथून निघाली, इथे पोचली. वायरिंगकडे बघायचंच नाही. गडबड तुझ्या त्या लिनक्समध्ये आहे."

सुनेचा चेहरा पडला. घरात लिनक्स तिने आणलेलं. एक वर्ष झालं लग्नाला, पण तिचं आणि ह्यांचं बोलणं 'बाबा, जेवलात?' आणि 'हो' याच्या पलीकडे कधी गेलेलं नव्हतं. आज पहिल्यांदा गेलं ते थेट भांडणावरच.

"बघते," ती म्हणाली, आणि ओढणी कमरेला खोचून बसली.

पुढचा पाऊण तास तिने त्या कॉम्प्युटरला असं काही धारेवर धरलं, की मला त्याची दया आली. चित्र पाठवणाऱ्या कार्डाला आज्ञा देणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो तिने काढला, नवा घातला, परत कॉम्प्युटर सुरू केला. जोडलेला नाही. लिनक्समध्ये आत शिरायच्या दोन वाटा असतात म्हणे, ती दुसऱ्या वाटेने शिरली. जोडलेला नाही. तिने जुना प्रोग्रॅम परत बसवला, तर पहिलाही मॉनिटर काळा झाला. एवढ्यात दारावरची बेल वाजली असं वाटून मी दचकले, तर हे ओरडले होते.

"गेला! होता तोही गेला!"

"येतोय, बाबा, येतोय. श्वास घ्या."

तो आला. दुसरा आला नाही. त्याच्यावरची ती चौकट आपली निवांत तरंगत होती, जणू तिचा या घराशी काही संबंधच नाही.

मुलाला कामावर फोन लावला. तो म्हणाला, "बंद करून परत चालू करा."

"सहा वेळा केलंय," सून म्हणाली.

"मग सातव्यांदा करा. आणि आई, बाबांना टेबलापासून लांब बसव." त्याने फोन ठेवला. पोटचा मुलगा असून त्याचा एवढाच उपयोग झाला.

सातव्यांदा केलं. तोवर दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी चहा केला. साखरेचा डबा अर्थातच मला पहिल्या झटक्यात सापडला नाही, आणि त्या क्षणी मला ह्या माणसाला काम मिळण्याची किती तातडी आहे ते नव्याने पटलं.

चहाचा घोट घेऊन सून उठली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, मला वायरींना हात लावायचाय."

"आराखड्यात—"

"आराखड्याला नाही लावत. वायरींना लावते."

हे काही बोलणार होते. मी ह्यांच्या हातात बिस्किटांची बशी दिली.

आता पेटी उघडायची सोय नव्हती. सोळा स्क्रू, वर रंग, ते खरवडेपर्यंत बारा वाजले असते. पण टोकं बाहेर होती. सुनेने एक नंबरची केबल पहिल्या मॉनिटरमधून काढून दुसऱ्याला लावली. दुसऱ्या मॉनिटरवर लख्ख चित्र उमटलं. मी टाळीच वाजवली.

"थांबा आई, एवढ्यात नको. याचा अर्थ मॉनिटर चांगला आहे." मग तिने तीच केबल कॉम्प्युटरच्या मागे दोन नंबरच्या खाचेत घातली. तरी चित्र. "खाचही चांगली आहे. लिनक्सही चांगलं आहे, बाबा." हे तिने जरा जोरात म्हटलं. "म्हणजे राहिली ती दोन नंबरची केबल. तीच खराब आहे."

वाटलं होतं, हे खट्टू होतील. कशाचं काय! ह्यांनी बशी खाली ठेवली, छाती पुढे काढली, आणि चौतीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण आल्यासारखे म्हणाले, "राखीव लाइन!"

"हो की!" सून ओरडली. "बाबा, तुम्ही ग्रेट आहात!"

"एक फुटली तर दुसरी हजर! मी काय सांगत होतो? तीन भोकं कशाला म्हणे!" हे माझ्याकडे बघून. खरंच चुकलं होतं माझं.

मोठ्या थाटात दोन नंबरची टोकं काढली, एक नंबर पहिल्या जागी परत लावली. राखीव केबलीचं एक टोक ह्यांनी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरमध्ये घातलं, दुसरं दुसऱ्या मॉनिटरमध्ये. मग हे दोन पावलं मागे सरले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

सिग्नल नाही.

चौकट वर गेली, खाली आली. मग सून खुदकन हसली. तिने तोंडावर हात दाबला, पण ते हसू आता थांबणारं नव्हतं. तिचं बघून मलाही फुटलं. आम्ही दोघी सासू-सुना भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो, आणि हसता हसता मला रडूही यायला लागलं, कारण घड्याळात दहा वाजून तेवीस मिनिटं झाली होती आणि ह्यांचा चेहरा मी पाहिला होता.

"दोन्ही नव्या केबली एकदम खराब?" हे पुटपुटले. "असं होत नाही. मी स्वतः बघून घेतल्यात."

"दुकानातून दुसरी आणते," सून डोळे पुसत म्हणाली.

"अकराला उघडतं दुकान," मी म्हणाले.

हे खुर्चीत बसले. हातातली फूटपट्टी मांडीवर आडवी. "जाऊ दे," हे म्हणाले. "नसेल व्हायचं. एवढं काय."

पलंगाच्या कडेला बूट घालून बसले होते ना, अगदी तोच आवाज. माझं हसू जागच्या जागी विरलं आणि मला भयंकर राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही. त्या चौकटीचा असेल. मी पदर खोचला, गुडघे टेकले आणि टेबलाखाली शिरले.

"आई, काय करताय?"

"काही नाही. ओढून बघतेय."

मला कॉम्प्युटरमधलं ओ का ठो कळत नाही. पण कपड्यात काही अडकलं, गुंतलं, आत गेलं, की मी पहिलं काय करते? टोक धरते आणि हळूच ओढते. बाकी विचार नंतर. कॉम्प्युटरच्या बाजूची दोन्ही टोकं, दोन नंबर आणि राखीव, सुनेने मला काढून दिली. ती पेटीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.

"मी दोन नंबर ओढतेय. तुझ्याकडे दोन नंबर हलतेय का सांग."

"ओढा... नाही हलत."

"आता?"

"काहीच नाही. आई, जोरात ओढा."

मी जोरात ओढली. केबल सरसरत हातभर बाहेर आली.

"तुझ्याकडे आत गेली ना?"

"छे! इकडे सगळं जागच्या जागी आहे."

मी थबकले. केबल हातभर बाहेर आली, मग ती कुठून तरी आत जायला हवी होती. मी परत ओढली, आणि या वेळी नजर माझ्या गुडघ्याजवळ गेली. तिथे राखीवचं टोक पडलं होतं, लेबल लावलेलं, सुवाच्य अक्षरातलं. ते माझ्या डोळ्यांदेखत फरशीवरून सरकलं, पेटीला भिडलं, वर चढलं आणि टुणकन भोकात नाहीसं झालं.

मग मी टेबलाखालीच किंचाळले, "अहो, ही तर नाडी आहे!"

"काय आहे?" हे वरून.

"नाडी! पायजम्याची नाडी! एक टोक ओढलं की दुसरं आत जातं! अहो, तुमची दोन नंबर आणि तुमची राखीव या दोन केबली नाहीतच. एकच आहे. हे तिचं एक टोक आणि ते दुसरं!"

मी धडाधड ओढत सुटले. सगळी केबल माझ्या मांडीवर आली, आणि शेवटी दोन नंबरच्या भोकातून राखीवचं लेबल लावलेलं टोक बाहेर पडलं. मी दोन्ही टोकं दोन हातांत धरून टेबलाखालून बाहेर आले.

सुनेने मॉनिटरमधलं राखीव टोक काढलं. मग तिने आपल्या बाजूचं दोन नंबर ओढलं. तिच्याकडचं राखीव आत पळालं.

"बाबा," ती म्हणाली, आणि पुन्हा खदखदून हसायला लागली. ती फरशीवर आडवी झाली. "बाबा, या केबलीची दोन्ही टोकं कॉम्प्युटरमध्ये होती. आणि या केबलीची दोन्ही टोकं मॉनिटरांमध्ये. कॉम्प्युटर स्वतःलाच जोडलेला, आणि मॉनिटर एकमेकांना!"

झालं होतं असं. हे पेटीत केबलींची वेटोळी नीट रचून बसले. तिन्ही काळ्या, तिन्ही सारख्या. भोकांतून जी टोकं हाताला आली ती बाहेर काढली, डावीकडे तीन, उजवीकडे तीन, आकडा बरोबर. मग आराखड्यात बघून वरून खाली लेबलं लावली. आत कोण कोणाचं टोक, ते बघायचं कारणच काय? आराखड्यात होतं ना! ते बिचारं लिनक्स सकाळपासून घसा कोरडा करून सांगत होतं, की जोडलेला नाही, जोडलेला नाही, आणि घरात तेवढं एकच जण खरं बोलत होतं.

ह्यांनी माझ्या हातातली दोन्ही टोकं घेतली. दोन नंबरच्या लेबलाकडे बघितलं, राखीवच्या लेबलाकडे बघितलं, पेटीवरच्या आराखड्याकडे बघितलं. "पण तपासलं होतं मी," हे हळूच म्हणाले.

"बाबा, दहा चाळीस," सून उठून बसली. "पेटी राहू दे. ही अशीच वरून टाकते."

"वरून? दिसेल ती."

"दिसू दे!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

तिने केबल टेबलावरून, कपाच्या बाजूने, ह्यांच्या चष्म्याच्या डबीवरून, उघडीनागडी नेली आणि मॉनिटरमध्ये खुपसली. दुसरं टोक कॉम्प्युटरमध्ये. चौकट एकदा थरथरली आणि गेली. दुसऱ्या मॉनिटरवर निळं चित्र आलं. सुनेने काळी खिडकी उघडली आणि मोठ्याने वाचलं, "दुसरा मॉनिटर, जोडलेला!" तिने ह्यांना मिठीच मारली. वर्षभरात पहिल्यांदा. हे हात कुठे ठेवावेत ते न कळून फूटपट्टीसकट तसेच उभे राहिले, आणि मग फूटपट्टीनेच तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

एवढ्यावर संपेल तर ते कसलं. माउसचा बाण डावीकडे नेला की उजव्या मॉनिटरवर निघायचा आणि उजवीकडे नेला की कडेला अडकायचा. "पळाला! तिकडून आला!" हे बोट दाखवून ओरडत होते. कॉम्प्युटरला वाटत होतं, दुसरा मॉनिटर डावीकडे आहे. सुनेने सेटिंगमध्ये त्याचं चित्र उचलून उजवीकडे ठेवलं, आणि बाण शहाण्यासारखा चालायला लागला. दहा सत्तावन्न.

"बाबा, बसा. पाणी प्या. आई, चला बाहेर."

आम्ही दार ओढून घेतलं. आतून एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग शांतता. आम्ही दोघी स्वयंपाकघरात फरशीवर भिंतीला टेकून बसलो. मध्येच तिला आठवायचं आणि ती म्हणायची, "कॉम्प्युटर स्वतःलाच," आणि आम्ही परत तोंड दाबून हसायचो. दोन तास आम्ही भांडं वाजू दिलं नाही.

एक वाजता हे बाहेर आले. "झालं," म्हणाले. मग जेवायला बसले. परीक्षा कशी गेली ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

साडेतीनला फोन आला. परीक्षा घेणाऱ्या बाई होत्या. ह्यांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"रेखाटन उत्तम आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "पण मी फोन केला तो शेवटच्या प्रश्नासाठी. जुन्या नकाशात एक नळ दाखवलाय, नव्या मोजणीत तो सापडत नाही, तर तुम्ही कोणतं खरं मानाल, असा प्रश्न होता. बहुतेकांनी लिहिलं, नकाशा खरा. काहींनी लिहिलं, वरिष्ठांना विचारू. तुमचं उत्तर मी वाचून दाखवू का? घरी कोणी आहे?"

हे काही बोलायच्या आत मी म्हणाले, "आहे. वाचा."

बाईंनी वाचलं: "चौतीस वर्षं मी नकाशा खरा मानला. आज सकाळी साडेदहापर्यंत मानत होतो. आता मी म्हणेन, जागेवर जाऊन टोक धरा आणि ओढून बघा. मी स्वतः काढलेल्या आणि स्वतःच तपासलेल्या नकाशातली एक लाइन आज माझ्या बायकोने ओढली. ती कुठेच जात नव्हती. माझं काम इथून पुढे तिला दाखवल्याशिवाय मी तपासलं असं लिहिणार नाही."

फोनमध्ये बाई हसत होत्या, सून माझ्या दंडाला धरून हसत होती. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे टेबलाच्या कडेवरची न दिसणारी धूळ झटकत होते, कान लाल झाले होते.

"सोमवारपासून सुरू करा," बाई म्हणाल्या. "रोज आठ तासांचं काम आहे. चालेल ना? आणि तुमच्या मिसेसची काही हरकत?"

आठ तास! आठ महिने मी याचीच स्वप्नं बघत होते. आठ तास डबे जागच्या जागी, मोजे चादरीशेजारी, कोपऱ्यात मी आणि माझं मशीन. हे माझ्याकडे बघत होते, परवानगी मागितल्यासारखे. मी तोंड उघडलं ते 'खुशाल' म्हणायलाच.

"आठ नाही," मी म्हणाले. "सहा. दुपारी चारनंतर मला लागतात हे."